रामकुंड ते त्रिरश्मी: नाशिकची देवळं आणि लेणी एका दिवसात पायी कशी पाहावीत

नाशिकमध्ये नवीन असाल तर पहिली गोष्ट कानात ठेवा. इथं गोदावरीला घरोघरी गंगा म्हणतात. रिक्षावाला "गंगेवर सोडू का?" म्हणाला तर गोंधळू नका, तो तुम्हाला रामकुंडावरच नेणार आहे. पावसाळ्यात "गंगेला पाणी आलं" ही इथली बातमी असते.

गेली बारा-तेरा वर्षं घरी पाहुणे आले की त्यांना ही फेरी घडवायचं काम माझ्याकडे आहे. सुरुवातीला मीही इतरांसारखंच करायचे. सकाळी पांडवलेणी, दुपारी त्र्यंबकेश्वर, संध्याकाळी घाईघाईत रामकुंड. पाहुण्यांचे पाय दुखायचे आणि घरी गेल्यावर त्यांना आठवायची ती फक्त मिसळ. मग हळूहळू क्रम बदलला. त्र्यंबकेश्वर साधारण तीस किलोमीटरवर आहे, त्याला वेगळा दिवस द्या. शहरातल्या फेरीसाठी सकाळी पंचवटी आणि दुपारनंतर लेणी, हाच क्रम मला पटलेला आहे. का, ते पुढे येईलच.

एक आधीच सांगते. या फेरीत प्रत्येक ठिकाणी तुम्हाला दोन गोष्टी ऐकू येतील. एक लोक सांगतात ती, दुसरी दगडावर कोरलेली किंवा कागदावर नोंदलेली. दोन्ही ऐका. कोणती खरी यावर घाटावर उभं राहून भांडू नका, दिवस छोटा असतो.

निघण्याआधी

नाशिकरोड स्टेशनवर उतरलात तर पंचवटी तिथून नऊ-दहा किलोमीटर आहे. महापालिकेची सिटीलिंक बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते. बस पंचवटीत निमाणी स्थानकावर येते. मात्र आपली फेरी रविवार कारंजापासून सुरू करायची आहे, म्हणून अलीकडेच उतरा. सकाळी साडेसहा ही वेळ चांगली. आठनंतर घाटावर गाड्या, फुलवाले, सहलीच्या बसगाड्या असं सगळं एकदम येतं.

चपला अशा घाला ज्या चटकन काढता-घालता येतील. बुटांच्या नाड्या सोडता-बांधता अर्धा तास जातो, मी मोजलेला आहे. जुन्या पिशवीत चपला घालून पिशवी खांद्याला लावली की प्रश्नच मिटतो. एक लहान टॉर्च हवा. मोबाईलचाही चालेल, पण लेण्यात दुसऱ्या हाताने टिपून घ्यायला मोबाईल मोकळा असलेला बरा. प्रत्येकी दोन बाटल्या पाणी. सुटे पैसे.

बुधवारी गाडगे महाराज पुलाच्या बाजूला घाटावर आठवडे बाजार भरतो. भाज्या, मसाले, लोखंडी सामान, जुने कपडे असा मोठा पसारा असतो. बाजार पाहायचा असेल तर बुधवारीच या, देवळं निवांत पाहायची असतील तर बुधवार टाळा. पुढचा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये असल्यामुळे सध्या घाटाच्या परिसरात कामं चालू असतात. एखादी वाट बंद दिसली तर वळसा घ्यायची तयारी ठेवा.

पहिला टप्पा: सुंदरनारायण आणि पूल

रविवार कारंजावरून नदीकडे उतरताना होळकर पुलाच्या तोंडाशी सुंदरनारायणाचं देऊळ आहे. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते बांधलं. कथा जालंदर दैत्याची. त्याची बायको वृंदा पतिव्रता, तिच्या पुण्याईमुळे जालंदर मरेना, म्हणून विष्णूने तिला फसवलं. तिने शाप दिला आणि विष्णू काळा, कुरूप झाला. मग गोदावरीत स्नान करून तो पुन्हा सुंदर झाला, म्हणून सुंदरनारायण. देवाला आपल्या पापाची शिक्षा भोगावी लागते आणि ते धुवायला तो नाशिकला येतो, ही या गावाची आवडती गोष्ट. थोड्या वेळाने ती पुन्हा भेटेल.

देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम पाहा आणि पुढे चला. इथे फार वेळ घालवू नका. पुलावर मात्र दोन मिनिटं थांबा. नदीच्या खालच्या अंगाला गोदाघाट, दोन्ही काठांवर शिखरं दिसतात. "नाशिक नऊ टेकांवर वसविले" अशी जुनी म्हण आहे. टेक म्हणजे उंचवटा. नवशिखांवरून नाशिक, अशी नावाची एक उपपत्तीही त्यातूनच निघाली. याच काठावर, पण खाली बरंच पुढे, जुनी गढी नावाचा मातीचा मोठा टेकाड आहे. तिथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनकाळाच्याही आधीची वस्ती उजेडात आली. आज ती गढी पावसाळ्यात ढासळते म्हणून बातम्यांत येते. तिच्यावर चढायला जाऊ नका.

दुसरा टप्पा: रामकुंड

पूल ओलांडून पंचवटीच्या बाजूने खाली उतरलात की रामकुंड. नदी इथे दक्षिणेकडे वळते, म्हणून दक्षिणवाहिनी. वनवासात असताना रामाने दशरथाचं श्राद्ध इथं केलं अशी श्रद्धा आहे. कुंडाच्या एका भागाला अस्थिविलय तीर्थ म्हणतात, इथं अस्थी विरघळतात असं मानतात. बांधीव कुंड १६९६ चं, चित्रराव खटारकरांनी बांधलेलं. महात्मा गांधींच्या अस्थींचाही काही भाग इथं विसर्जित झाला. शेजारच्या गांधी तलावाच्या नावात ती आठवण आहे.

पायऱ्यांवर शेवाळ असतं. मागे एकदा मी पाहुण्यांना "जपून, घसरतं" असं सांगता सांगता स्वतःच कमरेपर्यंत पाण्यात गेले आणि पुढची पाच देवळं ओल्या साडीत पाहिली. पायरीच्या कडेला पाय देऊ नका, मधोमध द्या.

घाटावर पाऊल ठेवताच कुणीतरी विचारेल, "कुठले तुम्ही? आडनाव काय?" नवख्या माणसाला वाटतं, हे गिऱ्हाईक पटवायला विचारतात. तेही असतंच. पण त्या प्रश्नामागे खरं कारणही आहे. इथल्या क्षेत्रोपाध्यायांकडे, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांकडे, नामावळ्या असतात. गावाप्रमाणे, आडनावाप्रमाणे यजमान वाटलेले, आणि कोण कधी आलं, कोणत्या विधीसाठी, बरोबर कोण होतं याच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी. माझी एक मावशी अशीच "नको नको" म्हणत पुढे निघाली होती. गुरुजींनी मूळ गाव विचारलं, मुलाला हाक मारून एक लांबट, लाल कापडात बांधलेली वही आणवली, थुंकी न लावता चार बोटांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मोडी लिपी, शाई तांबूस पडलेली. त्यांनी वाचून दाखवलं. मावशीच्या आजोबांचं नाव, त्यांच्या भावांची नावं आणि खाली बाळबोध अक्षरात आजोबांनी स्वतः केलेली सही. मावशीने आजोबांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं. ती तिथेच पायरीवर बसली. नंतर वहीत तिचं आणि तिच्या मुलांचं नाव घालून घेतलं.

तुम्हाला विधी करायचा नसेल तर नमस्कार करून "आज फक्त दर्शनाला आलोय, गुरुजी" एवढं म्हणा, कुणी मागे लागत नाही. नोंद पाहायची असेल तर पाहा, दक्षिणा द्या. विधी करायचा असेल तर दक्षिणा आणि सामान मिळून किती, हे बसण्याआधी विचारा. विचारण्यात कुणाचा अपमान होत नाही.

कुंडाला लागूनच गंगा-गोदावरीचं देऊळ आहे. त्याचं दार बंद दिसलं तर कुणाला उठवू नका, ते बारा वर्षांतून एकदा सिंहस्थात उघडतं.

तिसरा टप्पा: दुतोंड्या मारुती आणि नारोशंकराची घंटा

घाटावर मोकळ्यात उभा असलेला, दोन्हीकडे तोंड असलेला मारुती म्हणजे दुतोंड्या मारुती. दर्शन एका मिनिटाचं. पण नाशिककर त्याच्याकडे बघतो तो पावसाळ्यात, पूर मोजायला. वर गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की किती क्युसेक सोडलं हे सरकारी पत्रकात येतं, पण गावात प्रश्न एकच: "मारुतीच्या कुठपर्यंत?" गुडघ्याला लागलं तर ठीक. कमरेला लागलं की काठावरची दुकानं आवरायला लागतात. छातीपर्यंत आलं की सराफ बाजारातले लोक जागे राहतात. ऑगस्ट २०१६ च्या पुराच्या रात्री आमच्या घरात टीव्ही चालूच होता, पण खरी बातमी पंचवटीतल्या आत्याच्या फोनवर आली: "अगं, मारुती दिसेनासा झालाय." जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर घाटावर उतरण्याआधी लोकांना विचारा.

तिथून खालच्या अंगाला नारोशंकराचं देऊळ. मूळ नाव रामेश्वर, पण सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधलं म्हणून त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. देवळाला तट आहे आणि दर्शनी दारावर वर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यासाठीच इथं यायचं. ही घंटा पोर्तुगीज चर्चमधली, तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयातून अशा कितीतरी घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत आल्या. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला आमच्याकडे "नारोशंकराची घंटा" म्हणतात, निदान आमच्या घरात तरी माझ्या धाकट्या दिरांना. देवळाच्या शिखराची घडण सावकाश पाहा. कोपऱ्यांवरच्या छत्र्या, मोर, माकडं, हत्ती. मुलं बरोबर असतील तर प्राणी मोजायला लावा, तेवढा वेळ मोठ्यांना निवांत मिळतो.

चौथा टप्पा: नंदी नसलेला महादेव

परत रामकुंडाकडे या. समोरच्या बाजूला उंच पायऱ्या चढून कपालेश्वर. गाभाऱ्यासमोर जाऊन उभे राहा आणि बरोबरच्या लोकांना विचारा, इथे काय नाही? बहुतेकांना लगेच कळत नाही. महादेवासमोर नंदी नाही.

कथा अशी. शंकराने ब्रह्मदेवाचं पाचवं मुख तोडलं आणि ब्रह्महत्येचं पातक त्याच्या मागे लागलं. तो तीनही लोक हिंडला, पातक सुटेना. एकदा एका ब्राह्मणाच्या दारात त्याने गाय-वासराचं बोलणं ऐकलं. वासरू म्हणत होतं, उद्या माझ्या नाकात वेसण घालणाऱ्या या ब्राह्मणाला मी मारणार. गाय म्हणाली, अरे, ब्रह्महत्या लागेल. वासरू म्हणालं, त्यावरचा उपाय मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तसंच झालं, वासराचं अंग काळं पडलं आणि ते धावत गोदावरीवर येऊन रामकुंडात बुडी मारून पांढरंशुभ्र होऊन वर आलं. मागोमाग आलेल्या शंकरानेही बुडी मारली आणि तोही सुटला. ज्याने वाट दाखवली तो गुरू, आणि गुरूला समोर खाली कसं बसवायचं? म्हणून इथं नंदी नाही.

ही गोष्ट मला सुंदरनारायणापेक्षा जास्त आवडते. तिच्यात देव एका वासराच्या मागे चालत जातो.

सोमवारी आणि श्रावणात इथं रांग मोठी असते. ज्यांना पायऱ्या नकोत त्यांनी खालीच थांबावं, समोर चहा चांगला मिळतो.

पाचवा टप्पा: पंचवटी आणि सीतागुंफा

गल्ल्यांतून विचारत विचारत वर गेलं की वडाची मोठी झाडं दिसतात. पाच वड, ती पंचवटी. झाडांना क्रमांकाच्या पाट्या लावलेल्या आहेत. लागूनच सीतागुंफा. आत राम-लक्ष्मण-सीतेच्या मूर्ती आणि पुढे शिवलिंग. आत जायची वाट इतकी अरुंद आणि बुटकी की बसत, अंग चोरत, तिरकं होत सरकावं लागतं. रविवारी मागे-पुढे माणसं असतात, मध्येच परत फिरता येत नाही. दमा, गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असलेल्यांना मी आत नेत नाही. "बाहेरूनच नमस्कार करा काकू, पोचतो तो," असं सांगते.

शूर्पणखेचं नाक लक्ष्मणाने कापलं ते ठिकाण तपोवनात दाखवतात, कपिला आणि गोदावरीच्या संगमाजवळ. नासिका कापली म्हणून नाशिक, असं प्रत्येक रिक्षावाला सांगेल. तेलंगणात भद्राचलमजवळ पर्णशाळा म्हणून जागा आहे, तिथले लोकही पंचवटी आपल्याकडेच होती म्हणतात. त्यांच्याकडेही गोदावरीच आहे. तपोवन इथून दोनेक किलोमीटर पुढे आहे. आजच्या फेरीत ते घालू नका, फार होतं. फक्त नाक कापल्याची गोष्ट लक्षात ठेवा, संध्याकाळी तिचं काम आहे.

सहावा टप्पा: काळाराम, आणि इथे घाई करू नका

पंचवटीचा शेवट मी मुद्दाम काळारामावर करते. सरदार रंगराव ओढेकरांनी पेशवाईत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेलं हे देऊळ. बारा वर्षं काम चाललं, दोन हजार माणसं खपली आणि तेवीस लाख रुपये लागले असं सांगतात. काळा दगड रामशेजच्या डोंगरावरून आणलेला, म्हणजे औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं झुलवत ठेवणाऱ्या त्याच रामशेजवरून. मूर्तीही काळ्या पाषाणाच्या. ओढेकरांना दृष्टांत झाला आणि गोदावरीत मूर्ती सापडली, ही आख्यायिका. समोर वेगळा, चाळीस खांबांचा सभामंडप आहे. त्यातला मारुती असा उभा आहे की त्याची नजर थेट रामाच्या पायांवर पडते. मंडपात मारुतीच्या मागे उभं राहून तुम्हीही त्या रेषेत पाहा.

आता पूर्व दरवाज्याकडे या. याच दरवाज्यासमोर २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, अस्पृश्य म्हणून देवळाबाहेर ठेवलेली हजारो माणसं शिस्तीत चालत आली. मागणी एवढीच होती की रामाचं दर्शन घेऊ द्या. दरवाजे बंद होते. मिरवणूक घाटाकडे वळली, तिथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाज्यांवर सत्याग्रही बसले. दादासाहेब गायकवाडांनी पुढे हा लढा चालवला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रामाच्या रथाला हात लावण्यावरून दगडफेक झाली. सत्याग्रह पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

काही पाहुणे म्हणतात, देवळात आलोय तर हे कशाला? मला वाटतं, नाशिकमध्ये सकाळी देवळं आणि दुपारी लेणी पाहायची असतील तर या दोन्हींना जोडणारी वाट याच दरवाज्यातून जाते. इथे पाच मिनिटं शांत उभं राहून मगच बस पकडावी.

हे सगळं मिळून चालणं दोन-अडीच किलोमीटरचं, पण वेळ तीन-साडेतीन तास. दहा वाजले असतील. आता मिसळ. कोणत्या दुकानात, यावर नाशिकमध्ये नाती तुटतात, म्हणून मी नाव घेत नाही. काळा रस्सा की लाल रस्सा एवढं विचारा, पापड सोबत येतोच. आणि उन्हात डोंगर चढायचा आहे हे लक्षात ठेवून दुसरी वाटी रस्सा टाळा. नंतर थोडं आडवं व्हा.

सातवा टप्पा: त्रिरश्मी, म्हणजेच पांडवलेणी

साडेतीनच्या सुमारास निघा. निमाणी किंवा सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, पाथर्डी फाट्याकडे जाणारी बस घ्या आणि वाहकाला "पांडवलेणीला उतरायचंय" सांगून ठेवा. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून शंकूसारखे डोंगर दिसतात, त्यातला हा एक. पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक आणि घुमटाचा मोठा बुद्धविहार आहे. विहारात आधी जा. आत सोनेरी बुद्धमूर्ती आहे आणि घुमटाखाली इतकी शांतता असते की सकाळच्या घाटाचा गलका कानातून उतरतो. २०२३ मध्ये श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या महाबोधिवृक्षाची फांदी आणून याच परिसरात लावली.

मग पायऱ्या. दोनशेच्या आसपास आहेत, रमतगमत वीस मिनिटं. लेण्यांची तोंडं बहुतेक उत्तरेच्या बाजूला, त्यामुळे दुपारनंतर ओट्यांवर सावली असते. दुपारी या म्हणते ते याचसाठी. मे महिन्यात सकाळी अकराला मी सासरकडच्या आठ जणांना वर नेलं होतं, त्याबद्दल अजून ऐकून घेते. वर तिकीट आहे. संध्याकाळी लवकर बंद होतं, त्यामुळे पाचनंतर पोचण्यात अर्थ नाही. डोंगरावर आग्यामोहळं असतात. आरडाओरडा, धूर, उग्र अत्तर टाळा. मधमाश्या उठल्याचे प्रकार इथं झालेले आहेत.

गाईड मिळेलच असं नाही. मिळाला तर पैसे आधी ठरवा आणि एकच परीक्षा घ्या: "शिलालेख कुठल्या लेण्यात आहे?" मला एकदा भेटलेल्या गृहस्थांनी दहा नंबरचं लेणं म्हणजे भीमाचं स्वयंपाकघर असं सांगून पन्नास रुपये घेतले होते. तेव्हापासून मी स्वतःच वाचून जाते.

एकूण चोवीस लेणी. सगळी पाहू नका. मी पाच दाखवते.

पहिलं तीन नंबर. ओट्याखाली सहा धिप्पाड यक्ष कंबरेइतके जमिनीतून वर आलेले दिसतात, त्यांच्या खांद्यावर तुळया आणि तुळयांवर अख्खं लेणं. जवळ जाऊन चेहरे पाहा, ओझं खरंच जाणवतं. दाराची चौकट सांचीच्या तोरणाची आठवण देणारी. आणि ओट्याच्या मागच्या भिंतीवर, दाराच्या वर, लांबलचक शिलालेख. टॉर्च समोरून मारू नका, अक्षरं सपाट दिसतात. भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने तिरका प्रकाश पाडा, ब्राह्मी अक्षरं एकदम उठून येतात. हात लावू नका, खडू तर मुळीच नको.

हा लेख गौतमी बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला. मुलगा गेल्यावर आईने लेणं भिक्षूंना दान दिलं आणि मुलाचं वर्णन कोरवून घेतलं. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, त्याने क्षहरातांचा, म्हणजे शत्रू असलेल्या क्षत्रप घराण्याचा, वंश निःशेष केला. ती त्याला "एकबम्हण", म्हणजे एकमेव ब्राह्मण म्हणते, आणि दान मात्र बौद्ध संघाला. पुढे ती म्हणते, पराक्रमाने तो राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा. अभ्यासकांना केशवाच्या जोडीचा हा राम बलराम वाटतो. पण अर्जुन आणि भीम तर आपलेच. पांडवांचा या लेण्यांशी संबंध नाही हे आम्ही शाळेत घोकलं होतं. आणि इथं बौद्ध विहाराच्या भिंतीवर, जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी, दोघा पांडवांची नावं आहेत. लोकांनी "पांडवलेणी" म्हणायला ती वाचली असतील असं नाही. तरीही मी या ओळीपाशी दरवेळी थांबते.

दुसरं, दहा नंबर. हे वरच्या लेखात नामशेष केलेल्या क्षहरातांचं: नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात आणि मुलगी दक्षमित्रा यांचं दान. बँकेत काम करणाऱ्या पाहुण्यांना मी इथं जास्त वेळ थांबवते. उषवदाताने तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव ठेवली, तीही गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. दोन हजार महिना शेकडा एक दराने, एक हजार पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. पस्तीस कार्षापणांचं एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, हा भावसुद्धा लिहिलेला आहे. गोवर्धन हे गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे. या लेण्यात मागच्या भिंतीवर मुळात स्तूप कोरलेला होता, नंतरच्या कुणीतरी तो तासून त्यातून भैरव घडवला. टॉर्च फिरवलात तर दोन्ही दिसतात.

नहपानाचा पराभव कसा कळला, असं मुलं विचारतात. गौतमीपुत्राने नहपानाचीच चांदीची नाणी गोळा करून त्यांच्यावर आपला छाप मारला. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली, त्यातली नऊ हजारांवर अशी दुहेरी छापाची होती.

सतरा नंबर इंद्राग्निदत्ताचं. लेख त्याला योनक म्हणतो, म्हणजे यवन, ग्रीक. उत्तरेकडून दात्तामित्री गावाहून आलेला, धर्मदेवाचा मुलगा. एका ओळीत अर्धा आशिया. अठरा नंबर हे इथलं एकमेव चैत्य. बाकीचे सगळे विहार, म्हणजे राहायच्या जागा, आणि हे पूजेचं ठिकाण. घोड्याच्या नालासारखी कमान, आत दोन्हीकडे खांब आणि शेवटी स्तूप. दारावरच्या लेखात धंभिक गावाच्या लोकांनी दर्शनी भाग दिल्याचं म्हटलं आहे. वर्गणीची पद्धत तेव्हाचीच. आत जाऊन मोठ्याने बोलू नका, बऱ्याचदा कुणीतरी ध्यानाला बसलेलं असतं.

शेवटी चैत्याच्या बाजूचं, खालच्या अंगाचं एकोणीस नंबर. लहानसं, बुटकं, सहा खोल्यांचं. सगळ्यांत जुनं मानलं जाणारं. लोक याच्या समोरून निघून जातात. खिडकीच्या वर एक छोटा लेख आहे. तिरका प्रकाश टाका. सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळात महामात्राने, म्हणजे बड्या अधिकाऱ्याने, हे लेणं करवलं, असा मजकूर, आणि तो महामात्र कुठला ते एका शब्दात: "नासिककेन".

दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी या गावाचं नाव नासिकच होतं. सकाळचं शूर्पणखेचं नाक इथं आठवा. पहिल्यांदा मी हे दाखवलं तेव्हा माझ्या भाच्याने विचारलं, "मग मावशी, नाक आधी की नाव आधी?" मी त्याला म्हटलं, बस चुकेल, चल.

उतरताना पायऱ्यांवर उजेड कमी होत जातो, टॉर्च हाताशी ठेवा. महामार्ग ओलांडू नका, उड्डाणपुलाखालून जा. पंचवटीकडे परत जाणारी बस सर्व्हिस रोडवर थांबते, आणि साडेसहाच्या सुमाराला अंबडच्या कारखान्यांची पाळी सुटलेली असते, बसायला जागा मिळत नाही. थोडं थांबून पुढची घ्या.